टाकी भरली की यंत्र थांबतं

गेंदाच्या एका वाळवलेल्या रोपट्यावर, देठ कागदाला चिकटवला होता त्या पट्टीपासून दोनेक मिलिमीटर अंतरावर, एक पांढरा ठिपका होता. गेंद म्हणजे झेंडू नव्हे, पावसात उगवणारं गवतासारखं रोप; त्याचं फूलही पांढरंच असतं, त्यामुळे तो फुलाचाच सुटलेला कण असावा असं मी समजले. समजले म्हणण्यापेक्षा, तसं समजायचं ठरवलं. मग भिंग आणलं. भिंगाखाली बारीक उभे दांडे दिसले आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला एकेक गोल डोकं. हे चित्र मी वर्गात फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं, की क्षणभर ओळखीचं कुणी भेटल्यासारखं बरं वाटलं. क्षणभरच.

रत्नागिरीत आषाढात बुरशी येणं ही काही बातमी नव्हे. चपला हिरव्या होतात, पट्टे पांढरे होतात, लग्नाच्या अल्बममधली माणसं एकमेकांना चिकटतात. पण ही बुरशी माझ्या नमुन्यांवर होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना आणि निवृत्तीनंतरही मी इथल्या सड्यांवर हिंडून झाडं-गवतं गोळा केली आहेत. सडा उन्हाळ्यात बघितलात तर जांभ्या दगडाचा नुसता तवा. पावसात त्याच दगडावर बोटभर उंचीची फुलं येतात आणि महिन्या-दोन महिन्यांत परत जातात. ती मी दाबून, वाळवून, जाड कागदांवर लावून ठेवलेली आहेत. त्यांतून रत्नागिरीच्या सड्यांवरचं एक पुस्तक व्हायचं आहे. पावसात लिहिता येत नाही, कारण तेव्हा सड्यावर जावं लागतं. हिवाळ्यात गोळा केलेलं कागदावर लावायचं असतं. उन्हाळ्यात आंब्याचे पाहुणे. लिहिण्याला ऋतूच उरत नाही, ही अडचण मी बऱ्याच जणांना समजावून सांगितली आहे आणि ती सर्वांना पटलेली आहे.

एक उन्मेष सोडून. उन्मेष माझा विद्यार्थी. आता पुण्याच्या एका संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळतो. दर पावसाळ्यात त्याचा फोन येतो. "मॅडम, नमुने इकडे पाठवा ना. एसी खोली आहे, कपाटं आहेत. नाव तुमचंच राहील. ठरलं का?"

"पुस्तक होऊ दे," मी म्हणते, "मग बघू."

नमुने घरात आहेत तोवर पुस्तक चालू आहे. ते पुण्याला गेले की पुस्तक थांबलं असं मला स्वतःशी म्हणावं लागेल. हे उन्मेषला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्या ठिपक्यानंतर मी त्याला फोन केला नाही. हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र मागवलं.

यंत्र आलं. आकाराने लहान मुलांच्या कपाटाएवढं, खाली चाकं, पोटात टाकी. ओली हवा आत ओढायची, थंड नळ्यांवरून न्यायची, तिच्यातलं पाणी टाकीत गाळायचं आणि कोरडी हवा परत सोडायची. हे तत्त्व मी अकरावीला शिकवलेलं आहे, त्यामुळे माहितीपत्रक वाचलं नाही. पहिल्या दिवशी यंत्र चालूच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माहितीपत्रक वाचलं; त्यात टाकी पूर्ण आत ढकलून 'टक्' असा आवाज येऊ द्यावा असं लिहिलं होतं. मी टाकी हळूच ठेवत होते. उपकरणं हळूच हाताळावीत असं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना बजावलं होतं.

मग पत्रकातली दुसरी सूचना: खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात. यंत्र जिथे बनलं तिथल्या लोकांना ही साधी गोष्ट वाटत असणार. आमच्या शुभंकर सोसायटीत दिवसाउजेडी दार लावून घेणं म्हणजे एक तर आजारपण किंवा भांडण. मी दार लावलं आणि दहा मिनिटांच्या आत समोरच्या सावित्रीकाकूंनी बेल वाजवली.

"काय गो सुमेधा, बरं नाही वाटत?"

"बरी आहे की काकू. यंत्र लावलंय. हवा कोरडी करतं."

"दार लावून?" काकू आत आल्या. दार उघडंच राहिलं. "त्यापेक्षा कपाटात मिठाची वाटी ठेव. मी ठेवते."

"उपयोग होतो?"

"नाही होत. पण खर्चही नाही ना शिंचा." मग त्यांनी यंत्रापुढे हात धरला. चेहरा बदलला. "गरम हवा येत्ये की गो!"

त्या उद्गाराची पूर्ण किंमत मला तेव्हा कळली नाही. संध्याकाळी काकू फणसाच्या पापडांचा डबा घेऊन आल्या. पापड मऊ पडले होते. "एका कडेला राहतील. तुझ्या पाल्याला नाही लागायचे." माझ्या संग्रहाला काकू पाला म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, म्हणून मी कधी दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची सावनी तिच्या बाळाचे लंगोट घेऊन आली. "काकू, विचारायलासुद्धा लाज वाटते हो. चार दिवस एकही वाळलेला नाही. पिल्लूला पुरळ आलंय." ज्या मुलाला पुरळ आलंय त्याच्या लंगोटांना वैज्ञानिक कारणासाठी नाही म्हणणारी बाई मी नव्हे. खोलीत दोरी बांधली. ओले कपडे आणले की खोलीतलं पाणी वाढतं, हे मला माहीत होतं. मी ते सावनीला सांगितलंही. ती म्हणाली, "हो ना?" आणि आणखी दोन दुपटी टाकली.

आठवड्याभरात माझ्या खोलीत शाळेचे गणवेश, एक गादी आणि कुणाचा तरी रेनकोट आला. रेनकोट कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. आर्द्रतामापकाचा काटा, जो मी मोठ्या कष्टाने पंचावन्नावर आणला होता, तो ऐंशीकडे निघाला, आणि एका सकाळी यंत्राच्या नळ्यांवर चक्क बर्फ धरला.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

"मॅडम, खोलीतली आर्द्रता किती आहे?"

"ब्याऐंशी टक्के. बाहेर शहाण्णव."

"मॅडम, बाहेर इतकी नसते. तुमचं मीटर बिघडलं असेल."

"तुम्ही कुठून बोलताय?"

"जयपूर, मॅडम."

मी त्याला दोष दिला नाही. कोल्हापूरहून माणूस पाठवतो म्हणाला. त्या माणसाचा फोन आला की घाटात दरड आली आहे, मोकळी झाली की येतो. तो आला नाही. 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे' असा संदेश मात्र आला. मग मीच जाळी काढून पाहिली. लंगोटांचा कापूस आणि पापडांचा भुगा यांचा त्यावर जाड थर बसला होता. हवा जायला वाटच नव्हती, मग बर्फ धरणारच. जाळी धुतली, बर्फ वितळला, यंत्र चालू झालं. शेजाऱ्यांना वाटलं, आता कसलीच अडचण नाही. आणखी एक गादी आली.

आता लिमये. चारुदत्त लिमये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त. कुठलीही बिघडलेली वस्तू दिसली की त्यांना पाझर फुटतो. वस्तू बिघडलेली नसेल तरी फुटतो. माझं यंत्र टाकी भरली की लाल दिवा लावून थांबत असे, आणि खोलीत निम्म्या सोसायटीचं धुणं असल्यामुळे टाकी सारखी भरत असे.

"मॅडम, हे सारखं बंद पडतंय."

"बंद पडत नाही. टाकी भरली की यंत्र थांबतं. आत एक तरंगता तुकडा आहे. पाणी वर आलं की तो वर येतो."

"पण इतक्यांदा?" लिमये वाकून बघत म्हणाले. "टाकीला पाइप जोडून खिडकीबाहेर काढा की. कटकट मिटली."

कल्पना उत्तम होती. मी लगेच होकार दिला. लिमये सरळ उभे राहिले.

"हे मी लिमये म्हणून सांगितलं. सेक्रेटरी म्हणून, बाहेरच्या भिंतीवरून पाइप न्यायचा तर अर्ज लागेल. कमिटीपुढे ठेवावा लागेल."

"कमिटी कधी भरते?"

"भरत नाही ना! अर्धे सभासद मुंबईला. गणपतीला येतील तेव्हा बघू."

मी अर्ज दिला. लिमयांनी तो स्वतःच्या हाताने घेतला, पोच दिली आणि मग माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून एका नागरिकाच्या नात्याने कमिटीच्या दिरंगाईबद्दल हळहळ व्यक्त केली.

श्रावणात महिपत आला. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचा गणपतीचा कारखाना आहे. लिमयांचा गणपती त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथूनच, शाडूचाच. बरोबर अर्थातच लिमये होते.

"मॅडम, माती सुकत नाय," महिपत म्हणाला. "पावसानं वाट लावल्यान. बाकीचे कसेतरी होतील, पण ह्यांचा जाडीला मोठा. सुकल्याबिगर रंग लावता येत नाय."

"पाऊस थांबेल की," मी म्हटलं. हे मी, हवामानाची नोंद ठेवणारी बाई, म्हटलं.

लिमये नुसते माझ्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. यंदाचा गणपती त्यांच्याशिवायचा पहिला. सुतकानंतरच्या पहिल्या गणपतीला रंग नसावा हे कुणालाच सोसवलं नसतं. मलाही नाही.

"हळूहळू सुकवावा लागेल," मी म्हटलं. "झटकन सुकवला तर तडा जातो. यंत्रासमोर ठेवायचा नाही, बाजूला."

महिपतने मान डोलावली. "मग ठेवायचा खंय?"

खोलीत एकच टेबल होतं. त्यावर माझे गठ्ठे होते. सगळ्यात जुने, पूर्णगडकडच्या सड्यावरचे, त्यांतली काही फुलं आता त्या सड्यावर मिळतही नाहीत. गणपती जमिनीवर ठेवता येत नाही, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मी स्वतः गठ्ठे उचलले आणि टेबलाखाली फरशीवर ठेवले. खाली वर्तमानपत्र घालायला मात्र विसरले नाही.

त्यानंतर माझी खोली ही खोली राहिली नाही. लोक येऊन हात जोडू लागले. सावित्रीकाकूंनी टेबलापुढे रांगोळी काढली, मग स्वतःच पुसली, "अजून कच्चा आहे गो, रंग लागेस्तोवर नमस्कार फक्त." सावनीने लंगोट दुसऱ्या भिंतीकडे हलवले. आर्द्रतामापक मी मूर्तीजवळ ठेवला होता; लिमये रोज सकाळी चहाच्या आधी येऊन आकडा बघून जात. एकदा मला दारातच भेटले आणि आनंदाने म्हणाले, "साठ, मॅडम! साठ!" नातवाचे मार्क सांगावेत तसे. नमुन्यांबद्दल त्या दिवसांत कुणी विचारलं नाही. मीही फारसं विचारलं नाही. माणसं घरात येत होती, आणि मला ते आवडत होतं. हे लिहिताना आता जड जातं.

संकष्टीला काकूंनी हेदवीला जायचं ठरवलं. "दशभुजेला जाऊन येऊ. तू नुसती त्या पाल्यापाशी बसून असतेस." मी किल्ली लिमयांकडे दिली. "टाकी भरली की दिवा लागेल. तेवढी ओता, बाकी कशाला हात लावू नका."

"निश्चिंत जा," लिमये म्हणाले.

जयगडहून फेरीबोटीने पलीकडे गेलो, दर्शन झालं. परतताना वारा उठला आणि फेरीबोट बंद झाली. मग गुहागर, चिपळूण, संगमेश्वर असा सगळा वळसा घालून घरी यायला दुसरी दुपार झाली. वाटेत काकू म्हणत होत्या, "घरचा गणपती सोडून बाहेरच्याला भेटायला आलो म्हणून रागावलान बघ." मी हसले होते.

लिमयांनी मला जिन्यातच गाठलं. चेहरा उजळलेला.

"गणपती खडखडीत सुकला! काल दुपारीच महिपत येऊन घेऊन गेला. एक तडा नाही. आणि मॅडम, तुमचं यंत्र मी दुरुस्त केलंय. आता बंद पडत नाही."

मी पिशवी पायरीवर ठेवली.

"तो तरंगता तुकडा होता ना, तोच अडकत होता. दोऱ्याने खाली बांधून टाकला. काल पेन्शनरांच्या सभेला गेलो, रात्री भावाकडे राहिलो, पण यंत्र अखंड चालू. आत्ताच येतोय, वरचा आवाज ऐकला. सुरेख चाललंय."

त्याच वेळी खालून सावनीची हाक आली. "काकू, तुमच्याकडे पाणी सांडलंय का हो? आमच्या छताला ओल आली."

दार उघडलं. यंत्र खरोखरच अखंड चालू होतं. हवेतलं पाणी काढून टाकीत टाकत होतं, आणि टाकी ते फरशीवर सोडत होती. फरशीवरचं पाणी टेबलाखाली गेलं होतं. वर्तमानपत्राने ते व्यवस्थित शोषून घेतलं होतं आणि गठ्ठ्यांना दिलं होतं. मी आर्द्रतामापक पाहिला. चौपन्न. हवा उत्तम होती.

लिमयांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला, आणि परत घातलाच नाही. "मॅडम," एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "गणपती सुकला ना, ते महत्त्वाचं." हे खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

सावनीने केस वाळवायचं यंत्र आणलं, काकूंनी इस्त्री. टिपकागद संपले तेव्हा काकूंनी स्वतःचे मऊ सुती पंचे फाडून दिले. एकेक कागद उलगडत आम्ही बसलो. सावनीने एक पान अलगद धरून विचारलं, "हे काय आहे?"

"दवबिंदू. किडे खातं."

"एवढंसं?"

"एवढंसंच."

काकू पानावर वाकल्या. "आणि आम्ही पाला म्हणत होतो गो," म्हणाल्या. मला एकदम जाणवलं, की या घरात इतकी वर्षं ही फुलं मी कुणाला उलगडून दाखवलीच नव्हती. पुस्तकात बघायला मिळतीलच, असं सांगत आले होते.

बरेच वाचले, काही नाही. जे वाचले त्यांच्यावर ओलीचे पिवळे डाग राहिले. आठवड्याने उन्मेषचा फोन आला. ठरलं का? मी त्याला काहीच सांगितलं नाही. "बघते," म्हटलं. त्यानंतर मी लिहायला बसले. प्रस्तावना चौथ्यांदा लिहिली. पहिल्या तीनपेक्षा ती लहान झाली, एवढीच प्रगती.

गणपतीला मुंबईचे सभासद आले आणि माझ्या अर्जासाठी कमिटी भरली. गच्चीवरचा हॉल गळत होता, म्हणून सभा माझ्याच खोलीत. विषय: सावनीच्या छताची ओल, पाइपाची परवानगी आणि सदर यंत्राबाबत विचार. मी मनात सगळी तयारी केली होती. मुंबईचे कुणीतरी म्हणतील, यंत्र नको. मग मी म्हणेन, ठीक आहे, नियम आहे तर नियम. नमुने पाठवावे लागले तर ते कमिटीमुळे, असं मला उन्मेषलाही सांगता येईल आणि स्वतःलाही. या योजनेचा आता विचार केला की मान खाली जाते.

पण तसं झालं नाही. सावनी उठली आणि म्हणाली, छताचा डाग राहू दे, चुना लावला की झालं. काकू म्हणाल्या, सोसायटीने यंत्राला नाही म्हटलं तर त्या जिन्यात बसतील. मुंबईच्या एका सभासदाने विचारलं, "इतकं महत्त्वाचं आहे का हे?" तेव्हा लिमये, जे त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते, ते उभे राहिले.

"महत्त्वाचं म्हणजे काय! बाई एकट्याने सगळे सडे पालथे घालून पुस्तक लिहितायत. पुस्तकात आपल्या सोसायटीचं नाव यायचं आहे." हे मी कधी म्हटलं नव्हतं. "आणि नुकसान झालंय ते माझ्या हातून. पाइप माझ्या खर्चाने लागेल. कुणाचा विरोध?"

कुणाचा विरोध नव्हता. पाइपाला मंजुरी. यंत्राला मंजुरी. लिमये खाली बसून ठराव लिहू लागले, लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "मॅडमांचे पुस्तक पूर्ण होईपर्यंत सदर यंत्र चालू ठेवण्यास व त्यासाठी बाहेरील भिंतीवरून पाइप नेण्यास सर्वानुमते..." ते थांबले. "मुदत लिहावी लागते, मॅडम. पुस्तक साधारण कुठल्या महिन्यात होईल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अगदी आपुलकीने. घाईही कुणाला नव्हती. मला वाटतं, मी 'पुढच्या वर्षी' म्हटलं असतं तरी टाळ्या वाजल्या असत्या.

"लिमये," मी म्हटलं, "पुस्तक होणार नाही."

काकूंनी "काय गो?" म्हटलं, पण अगदी हळू.

"मी ते लिहिणार नाही. इतक्या वर्षांत लिहिलं नाही, आता लिहिणारही नाही. नमुने उन्मेषकडे पुण्याला पाठवते आहे, सगळे. महिना लिहायचाच असेल तर हाच लिहा."